नवजात बालकांच्या काविळीवरील प्रकाशोपचार

प्रकाशोपचार ही नवजात बालकांच्या काविळीवर विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाने उपचार करण्याची वैद्यकीय पद्धती होय. रुग्णालयांत ती 'फोटोथेरपी' या नावाने ओळखली जाते. बोलीत 'बाळाला लाइटखाली ठेवणे' असे म्हणतात. काही वेळा 'पेटीत ठेवणे' असाही शब्दप्रयोग केला जातो. वस्तुतः बाळाला ऊब देणारी पेटी हे वेगळे उपकरण असून, प्रकाशोपचारासाठी ती असलीच पाहिजे असे नाही.

बाळाच्या रक्तात साठलेल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचे रूपांतर शरीराबाहेर टाकता येईल अशा द्रव्यात करणे, हे या उपचाराचे कार्य आहे. उपचार वेदनारहित व तुलनेने अल्पखर्चिक आहे; मात्र तो वेळेवर मिळणे आवश्यक असते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तातील बिलिरुबिनची पातळी बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते आणि त्या सुमारास पुष्कळशा माता बाळासह घरी परतलेल्या असतात. त्यामुळे बुलढाण्यासारख्या प्रामुख्याने ग्रामीण जिल्ह्यात या उपचाराचे यश दिव्याइतकेच कावीळ लवकर ओळखली जाण्यावर आणि बाळ वेळेत रुग्णालयात पोचण्यावर अवलंबून राहते.

## काविळीचे स्वरूप व कारणे

तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य संपले, की त्यांतील हीमोग्लोबिनचे विघटन होते. हीमोग्लोबिनमधील 'हीम' या घटकापासून प्रथम हिरवट रंगाचे बिलिव्हर्डिन आणि त्यापासून पिवळे बिलिरुबिन तयार होते. हे बिलिरुबिन पाण्यात सहज विरघळत नाही. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाशी बद्ध होऊन ते यकृतात पोचते. तेथे एका विकराच्या साहाय्याने ग्लुक्युरॉनिक आम्लाशी त्याचा संयोग होतो, ते जलविद्राव्य बनते आणि पित्तावाटे आतड्यात उतरते.

नवजात बालकात ही क्रिया तीन कारणांनी अपुरी पडते. पहिले कारण असे, की त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण अधिक असते आणि त्यांचे आयुष्य प्रौढांच्या पेशींप्रमाणे सुमारे १२० दिवसांचे नसून ७० ते ९० दिवसांचेच असते. दुसरे, यकृतातील संबंधित विकर जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत पुरेसे कार्यक्षम नसते. तिसरे, आतड्यात उतरलेल्या बिलिरुबिनचा काही भाग पुन्हा रक्तात शोषला जातो. बाळाला दूध कमी मिळाले व पहिली काळी शी होण्यास विलंब झाला, तर हे पुनर्शोषण वाढते. या कारणांमुळे पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बालकांत कावीळ दिसून येते. बहुसंख्य बालकांत ती सौम्य असते व उपचारांविना ओसरते. तिला शरीरक्रियात्मक कावीळ म्हणतात.

काही बालकांत मात्र कावीळ वेगाने वाढते. आई आरएच ऋण व बाळ आरएच धन असणे, आईचा रक्तगट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग, प्रसूतीच्या वेळी डोक्याच्या त्वचेखाली रक्त साकळणे आणि जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता ही त्याची प्रमुख कारणे होत. शेवटच्या व्याधीत तांबड्या पेशी लवकर फुटतात. भारतात आढळणाऱ्या या कमतरतेच्या एका जनुकीय प्रकाराचे नाव 'केरळ-कल्याण' असे असून त्यातील कल्याण हे ठाणे जिल्ह्यातील शहर होय. अशा बालकांना डांबराच्या गोळ्यांमधील नॅप्थलीन अपायकारक ठरते. म्हणून ट्रंकेत किंवा कपाटात डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेली दुपटी, कुंच्या व गोधड्या बाळासाठी वापरू नयेत, असा सल्ला दिला जातो.

## मेंदूला असणारा धोका

अल्ब्युमिनशी बद्ध न झालेले बिलिरुबिन रक्तातून मेंदूत शिरू शकते. पातळी फार वाढल्यास ते मेंदूच्या गाभ्यातील केंद्रकांत साठून तेथील चेतापेशींना इजा करते. या विकृतीला कर्निक्टेरस म्हणतात. हे नाव जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केले. प्रारंभी बाळ मलूल होते, दूध ओढत नाही. पुढे कर्कश आवाजात रडते, शरीर धनुष्यासारखे मागे ताणते, त्याला झटके येतात. यातून वाचलेल्या बालकांत हातापायांच्या अनैच्छिक हालचालींसह मेंदूचा पक्षाघात, श्रवणदोष, दृष्टी वर वळवता न येणे आणि दातांच्या आवरणातील दोष आढळतात. एकदा झालेली हानी सहसा भरून येत नाही. काविळीचा उपचार वेळेवर होण्याचे महत्त्व यातच आहे.

## इतिहास

प्रकाशाचा काविळीवरील परिणाम इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये १९५६ च्या सुमारास प्रथम लक्षात आला. तेथील अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या कक्षाच्या प्रमुख परिचारिका जीन वॉर्ड या उबदार दिवसांत बालकांना अंगणातील उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉ. आर. एच. डॉब्स यांना एक बाळ उघडे करून दाखवले. त्याची त्वचा फिकट झाली होती; परंतु चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा गडद पिवळा राहिला होता. पुढे काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातील बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. या दोन निरीक्षणांची सांगड घालून डॉ. आर. जे. क्रेमर व त्यांचे सहकारी पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी निळ्या प्रकाशाच्या नळ्यांचे उपकरण तयार केले. त्यांचा शोधनिबंध 'द लॅन्सेट' या नियतकालिकात १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत या पद्धतीचा स्वीकार होण्यास सुमारे एक दशक लागले. व्हरमाँट विद्यापीठातील डॉ. जेरोल्ड ल्यूसी व सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर केलेला तुलनात्मक अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर उपचाराचा प्रसार झाला. प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूत नेमका कोणता बदल होतो, हे अँटनी मॅकडॉनह व डेव्हिड लाइटनर यांच्या संशोधनातून पुढे स्पष्ट झाले. त्यापूर्वी तीव्र काविळीवर रक्तबदल हाच मुख्य उपाय होता. त्यात बाळाचे रक्त थोडे थोडे काढून त्याजागी दात्याचे रक्त भरावे लागते. प्रकाशोपचार रूढ झाल्यापासून रक्तबदलाची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

## प्रकाशाचे कार्य

बिलिरुबिन निळा प्रकाश शोषून घेते; म्हणूनच ते पिवळे दिसते. उपचारासाठी सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे निळा ते निळा-हिरवा प्रकाश वापरतात. तो त्वचेत शिरून तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील व ऊतींतील बिलिरुबिनपर्यंत पोचतो. त्यामुळे तीन प्रकारचे बदल घडतात.

* विन्यासातील बदल: रेणूची घडी बदलून तो अधिक जलविद्राव्य होतो. हा बदल त्वरित होतो, परंतु पालटूही शकतो.
* रचनेतील बदल: बिलिरुबिनपासून ल्युमिरुबिन नावाचे द्रव्य तयार होते. ते सहसा पूर्ववत होत नाही आणि पित्त व मूत्र यांवाटे बाहेर पडते. उपचाराच्या परिणामात याचा वाटा मोठा मानला जातो.
* ऑक्सिडीकरण: बिलिरुबिनचे लहान रंगहीन रेणूंत विघटन होऊन ते मूत्रावाटे जातात. ही क्रिया मंद असते.

या बदलांमुळे यकृतातील अपरिपक्व विकराची वाट न पाहता बिलिरुबिन बाहेर टाकले जाते. उपचारासाठी अतिनील किरणांची गरज नसते. दिव्याचा प्रकाश निळसर-जांभळा दिसत असला, तरी तो अतिनील नव्हे.

## उपकरणे

पूर्वी निळ्या किंवा पांढऱ्या ट्यूबलाइट व हॅलोजन दिवे वापरत. त्यानंतर सीएफएल नळ्या आल्या आणि आता एलईडी दिव्यांचा वापर वाढला आहे. एलईडीला वीज कमी लागते, उष्णता कमी निर्माण होते आणि त्याचे आयुष्यही दीर्घ असते. तंतुप्रकाशीय चटई किंवा पट्टा बाळाच्या पाठीखाली ठेवून खालूनही प्रकाश देता येतो. वरून व खालून एकाच वेळी प्रकाश दिल्यास त्यास दुहेरी प्रकाशोपचार म्हणतात. चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने अमेरिकेतील डी-रेव्ह या संस्थेच्या आराखड्यावर आधारलेले 'ब्रिलियन्स' हे एलईडी उपकरण २०१२ मध्ये बाजारात आणले. कमी साधनांच्या रुग्णालयांत परवडावे, हा त्यामागील हेतू होता.

प्रकाशाची तीव्रता मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर या एककात मोजतात. साध्या उपचारात ती ८ ते १० असते, तर तीव्र प्रकाशोपचारात ३० किंवा त्याहून अधिक असावी लागते. ती प्रकाशमापकाने वेळोवेळी तपासणे आवश्यक असते. जुनी नळी डोळ्यांना उजळ दिसत असली, तरी तिच्यातील उपयुक्त निळा प्रकाश घटलेला असू शकतो. दिवा बाळापासून दूर असणे, त्यावर धूळ बसलेली असणे किंवा बाळाचे अंग कपड्यांनी झाकलेले असणे या कारणांनीही परिणाम उणावतो. घरातील दिव्याखाली बाळाला ठेवणे हा प्रकाशोपचाराचा पर्याय होऊ शकत नाही.

## उपचाराचा निर्णय व पद्धती

त्वचेचा पिवळेपणा सामान्यतः चेहऱ्यावर प्रथम दिसतो आणि पातळी वाढत जाईल तसा छाती, पोट, मांड्या व अखेरीस तळहात-तळपाय असा खाली उतरतो. क्रेमर यांनी १९६९ मध्ये या क्रमाचे वर्णन केले. तथापि केवळ नजरेचा अंदाज, विशेषतः सावळ्या वर्णाच्या बालकांत, चुकण्याचा संभव असतो. म्हणून रक्ततपासणी करतात किंवा त्वचेवर टेकवायच्या बिलिरुबिनमापकाने पातळी पाहतात. प्रकाशोपचार सुरू झाल्यावर त्वचा आधी फिकी पडते. त्यामुळे त्यानंतर रंगावरून पातळी ठरवता येत नाही.

उपचार कधी सुरू करावा, यासाठी सर्व बालकांना लागू पडणारा एकच आकडा नाही. बाळाचे वय तासांत मोजून, गर्भारपणाचे किती आठवडे पूर्ण झाले होते व इतर जोखमी कोणत्या आहेत हे पाहून तक्त्यावरून निर्णय घेतला जातो. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २००४ च्या तक्त्यानुसार, पूर्ण दिवसांच्या व जोखीम नसलेल्या बाळासाठी ही मर्यादा प्रति डेसिलिटर २४ तासांस सुमारे १२, ४८ तासांस १५ आणि ७२ तासांस १८ मिलीग्रॅम अशी होती. २०२२ च्या सुधारित सूचनांत या मर्यादा काहीशा वाढवण्यात आल्या. अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बालकांसाठी त्या कमी असतात. भारतात राष्ट्रीय नवजातशास्त्र मंचानेही यासंबंधी मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत.

उपचाराच्या वेळी बाळाला लंगोट वगळता उघडे ठेवतात आणि डोळ्यांवर प्रकाशरोधक पट्टी बांधतात. पट्टी नाकावर सरकणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. दर दोन ते तीन तासांनी अंगावर पाजले जाते. पाजण्यासाठी बाळाला थोडा वेळ दिव्याखालून काढता येते. मात्र पातळी फार अधिक असल्यास खंड कमीत कमी ठेवतात. शरीराचे तापमान, वजन, शी-शूचे प्रमाण व बिलिरुबिनची पातळी यांची नोंद ठेवली जाते. तीव्र प्रकाशोपचाराने पहिल्या २४ तासांत पातळी ३० ते ४० टक्क्यांनी उतरू शकते. उपचार थांबवल्यावर पातळी पुन्हा वाढण्याचा संभव असल्याने, विशेषतः रक्तपेशी फुटण्याचा विकार असलेल्या बालकांत, पुन्हा तपासणी करावी लागते.

## मर्यादा व दुष्परिणाम

पातळ शौच, त्वचेवर पुरळ, शरीरातील पाणी कमी होणे व तापमानातील चढउतार हे सामान्य व तात्पुरते परिणाम होत. पित्ताचा प्रवाह अडलेल्या बालकांची त्वचा क्वचित काळपट-तपकिरी होते. याला कांस्यवर्णी बालक लक्षणसमूह म्हणतात. जन्मजात पॉर्फिरिया या दुर्मीळ विकारात हा उपचार निषिद्ध आहे.

संयोग होऊन जलविद्राव्य झालेले बिलिरुबिन पित्तनलिकांच्या अडथळ्यामुळे साठले असेल, तर प्रकाशाचा उपयोग होत नाही. फिकट पांढरी शी व गडद पिवळी लघवी ही त्याची खूण होय. पित्तनलिका बंद असण्याच्या जन्मजात विकारात जन्मानंतर सुमारे दोन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. याउलट क्रिग्लर-नज्जर या दुर्मीळ आनुवंशिक विकारात संबंधित विकर नसल्यामुळे कित्येक वर्षे रोज प्रकाशोपचार घ्यावा लागतो.

## भारतातील व्यवस्था

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या रचनेत नवजात बालकांची काळजी तीन पातळ्यांवर घेतली जाते. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक आरोग्य संस्थेत नवजात शिशू कोपरा, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे 'एसएनसीयू', अशी ही उतरंड आहे. काविळीवरील प्रकाशोपचार हे या कक्षांचे एक प्रमुख काम असते. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थांत आजारी नवजात बालकाचे औषधोपचार, तपासण्या, आवश्यक असल्यास रक्त आणि वाहन विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे.

प्रसूतीनंतर घरी परतलेल्या बाळाकडे लक्ष ठेवण्याचे काम आशा स्वयंसेविका करतात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रीच्या साहाय्याने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे देशपातळीवरील गृहभेटींच्या योजनेला त्याचा आधार मिळाला. या योजनेत संस्थेत जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देण्यात येते. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशीही भेट असते.

नवजात कक्षांतील विद्युत उपकरणे अहोरात्र चालू असल्याने त्यांची सुरक्षितता हा उपचाराचाच भाग ठरतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या अशा कक्षात आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला.

## बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

बुलढाणा हा अमरावती विभागातील १३ तालुक्यांचा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. सुमारे चार-पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे 'घाटावरील' व 'घाटाखालील' असे दोन भाग पडतात. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आहे, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानके पूर्णेच्या खोऱ्यात घाटाखाली आहेत. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूर व मोताळ्याकडून तेथे जाण्यासाठी राजूर घाट चढावा लागतो. उत्तरेकडील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत. घाटाखालील पूर्व भागाला खामगावचे सामान्य रुग्णालय व शेजारच्या जिल्ह्यातील अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोयीचे पडते. जिल्ह्यात बुलढाणा येथे स्वतंत्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

या भूगोलाचा काविळीच्या उपचाराशी निकटचा संबंध आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर किमान ४८ तास रुग्णालयात राहण्याची शिफारस असते. म्हणजे बाळ घरी येते ते बिलिरुबिन चढत असताना. आशा स्वयंसेविकेची पहिली भेट तिसऱ्या दिवशी व दुसरी सातव्या दिवशी असल्यामुळे मधल्या तीन दिवसांत बाळाकडे पाहणारे घरचेच लोक असतात. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येण्याची रीत असल्याने ज्या गावात गर्भारपणाची नोंद झाली, तेथे ती या काळात असेलच असे नाही. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून बंद व अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची, तसेच पाचवी पुजेपर्यंत किंवा बारशापर्यंत बाळाला घराबाहेर न नेण्याची प्रथा अनेक कुटुंबांत पाळली जाते. अशा खोलीत बल्बच्या पिवळसर उजेडात त्वचेचा पिवळेपणा ओळखणे कठीण होते. पाचवीचा दिवस आणि बिलिरुबिनच्या सर्वोच्च पातळीचा काळ साधारणपणे एकच असतो, ही बाब त्यामुळे महत्त्वाची ठरते.

## समजुती व वस्तुस्थिती

मराठीत प्रौढांच्या यकृतदाहाला व नवजात बालकाच्या या अवस्थेला 'कावीळ' हा एकच शब्द आहे. त्यामुळे दोन्हींवर एकच उपाय लागू पडतो, असा समज होतो. काविळीची माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवणे', झाडपाल्याचा रस देणे या उपायांनी नवजात बाळाच्या रक्तातील बिलिरुबिन कमी होत नाही. सौम्य कावीळ आपोआप ओसरते आणि तिचे श्रेय या उपायांना मिळते. तीव्र काविळीत मात्र उपचाराची वेळ निघून जाते.

आईने पिवळे पदार्थ किंवा हळद खाल्ल्याने बाळाला कावीळ होते, हा समज निराधार आहे. बाळाला हळद लावल्यास त्वचेचा खरा रंग मात्र झाकला जातो. पहिले घट्ट दूध, म्हणजे चीक, काढून टाकून मध, गूळपाणी किंवा घुटी देण्याची प्रथा अपायकारक आहे. कारण दूध कमी मिळाल्याने बिलिरुबिनचे आतड्यातील पुनर्शोषण वाढते.

कोवळे ऊन दाखवण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. उन्हात उपयुक्त निळा प्रकाश असतो, हे रॉचफर्डच्या निरीक्षणानेच दाखवले आहे. तथापि त्यासोबत अतिनील किरण व उष्णताही असते. प्रकाशाची मात्रा मोजता येत नाही आणि बाळाला दीर्घकाळ उघडे ठेवावे लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तसे करणे धोक्याचे आहे. नायजेरियात अतिनील व अवरक्त किरण गाळणाऱ्या आच्छादनाखाली सूर्यप्रकाश देण्याचा अभ्यास झाला व २०१५ मध्ये तो परिणामकारक असल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु तो वैद्यकीय देखरेखीखालील उपचार होता. घरच्या अंगणातील उन्हावर विसंबून तपासणी लांबवणे योग्य नाही.

## तातडीने तपासणी आवश्यक असलेली लक्षणे

बाळाला दिवसाच्या स्वच्छ उजेडात, खिडकी किंवा दाराजवळ नेऊन, कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलके दाबून सोडल्यास त्या जागी त्वचेचा पिवळेपणा दिसू शकतो. पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास बाळाला विलंब न करता रुग्णालयात नेणे आवश्यक असते. त्यासाठी १०२ किंवा १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मागवता येते.

* जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ
* तळहात व तळपायांपर्यंत पोचलेला पिवळेपणा
* दूध न ओढणे, अतिशय झोपाळूपणा किंवा अंग सैल पडणे
* कर्कश रडणे, अंग मागे ताणणे किंवा झटके येणे
* पांढरट शी व गडद पिवळी लघवी
* दोन आठवड्यांनंतरही, किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात तीन आठवड्यांनंतरही, टिकून राहिलेली कावीळ

वाटेत बाळाला उबदार ठेवणे व अंगावर पाजत राहणे उपयुक्त ठरते. आईचा रक्तगट, बाळाची जन्मवेळ व जन्मवजन यांची नोंद असलेले माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असल्यास तक्त्यावरून उपचाराचा निर्णय लवकर घेता येतो.